कुंपण बांधणीचे, कुंपण वापराचे

सॉफ्टवेअर संगणकावर येण्याचे दोन मार्ग आहेत. एकात कंपायलरमधून आधीच बाहेर पडलेली बायनरी वितरकाकडून तयार मिळते. दुसऱ्यात प्रोग्रॅमचा सोर्स कोड आणि तो कसा बांधायचा याची कृती एवढेच हाती येते, आणि बांधणी ज्याच्या त्याच्या यंत्रावर होते. या दुसऱ्या मार्गाला नीट शिस्त लावली ती फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहाने. जॉर्डन हबर्ड यांनी तो १९९४ साली सुरू केला. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक छोटी डिरेक्टरी, तिच्यात एक मेकफाइल, लागतील तेवढे पॅच आणि मूळ सोर्स कुठून आणायचा त्याचा पत्ता, अशी त्याची मांडणी. डॅनियल रॉबिन्स यांनी ती कल्पना लिनक्सवर आणली. त्यांच्या जेन्टू लिनक्सची १.० ही आवृत्ती ३१ मार्च २००२ रोजी निघाली. जेन्टूचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज. तो पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि त्याच्या कृती, म्हणजे ईबिल्ड, बॅश स्क्रिप्टमध्ये असतात.

सँडबॉक्सची कल्पना वेगळ्या वाटेने वाढली. चालू असलेल्या प्रोग्रॅमला ठरावीक फाइली, ठरावीक सिस्टिम कॉल आणि हवे तेवढेच नेटवर्क द्यायचे आणि बाकी सगळे नाकारायचे, असा तिचा सारांश. प्रोग्रॅम बिघडला किंवा कोणी ताब्यात घेतला, तरी नुकसान त्या हद्दीत राहते.

या दोन कल्पना एकत्र आणायच्या म्हटल्या की पहिला प्रश्न उभा राहतो तो कुंपण कधी घालायचे हा. सोर्सवर आधारलेल्या व्यवस्थेत परका कोड दोनदा चालतो: प्रोग्रॅम बांधला जात असताना आणि बांधून झाल्यावर वापरला जात असताना. तयार बायनरी घेणाऱ्याच्या यंत्रावर पहिला प्रसंग येतच नाही. तो वितरकाच्या सर्व्हरवर उरकलेला असतो. त्यामुळे सँडबॉक्सविषयीचे बहुतेक लेखन दुसऱ्याच प्रसंगाबद्दल असते आणि जेन्टू वापरणारा ते वाचून अर्धाच शहाणा होतो.

सोर्समधून बांधले म्हणजे सुरक्षित, हा समज दृढ आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. घरी दळले म्हणून धान्यातले खडे आपोआप निघत नाहीत. निवडणारे कोणी लागते. क्रोमियमसारख्या ब्राउझरच्या सोर्सच्या कोट्यवधी ओळी कोणताही वापरणारा वाचत नाही. उलट बांधणीच्या वेळी त्या प्रकल्पाची कॉन्फिगर स्क्रिप्ट, मेकफाइल, कोड तयार करणारी छोटी साधने आणि चाचण्या हे सगळे वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालते. हे प्रोग्रॅमच आहेत. त्यांना मोकळे सोडले तर ते घरच्या फाइली वाचू शकतात, कुठेही लिहू शकतात आणि नेटवर्कवरून काहीही आणू वा पाठवू शकतात.

पोर्टेजने यावर फार लवकर उपाय योजला, पण त्यामागची प्रेरणा सुरक्षेपेक्षा स्वच्छतेची होती. ईबिल्डचे टप्पे ठरलेले आहेत: सोर्स उलगडणे, पॅच लावणे, कॉन्फिगर, कंपाइल, चाचणी आणि बसवणे. बसवण्याच्या टप्प्यात फाइली थेट खऱ्या यंत्रणेत जात नाहीत. त्या आधी एका तात्पुरत्या डिरेक्टरीत, जणू रिकाम्या यंत्रणेच्या सांगाड्यात, मांडल्या जातात. मग पोर्टेज त्यांची यादी करतो, कोणती फाइल कोणत्या पॅकेजची याची नोंद ठेवतो आणि त्यानंतरच त्या जागेवर नेतो. एखाद्या बेशिस्त मेकफाइलने मधूनच थेट यूएसआर डिरेक्टरीत फाइल टाकली, तर ती फाइल कोणाच्याच नावावर लागत नाही. पॅकेज काढले तरी ती मागे राहते. असे होऊ नये म्हणून पोर्टेजचा सँडबॉक्स आला.

त्याची रचना चतुर आहे. लिनक्समध्ये एलडी_प्रीलोड या पर्यायाने कोणत्याही प्रोग्रॅमच्या आधी स्वतःची लायब्ररी चढवता येते. पोर्टेज लिबसँडबॉक्स नावाची लायब्ररी अशी चढवतो. फाइल उघडणे, पुसणे, नाव बदलणे, डिरेक्टरी करणे यांसाठी सी लायब्ररीत जी फंक्शन असतात, ती लिबसँडबॉक्स मध्येच अडवते आणि मार्ग तपासते. परवानगीच्या यादीतला मार्ग असेल तर काम पुढे जाते. नसेल तर नकार मिळतो, नोंद होते आणि बांधणी थांबवली जाते. याद्या चार प्रकारच्या आहेत: वाचायला मुभा, लिहायला मुभा, स्पष्ट बंदी, आणि चौथी थोडी गमतीची. त्या चौथ्या यादीतल्या जागी लिहू दिले जात नाही, पण तसा प्रयत्न गुन्हा म्हणून नोंदलाही जात नाही. काही प्रोग्रॅम सवयीने कुठेतरी लिहून पाहतात आणि नकार मिळाला तरी त्यांचे काही अडत नाही; त्यांच्यासाठी ही सोय.

या कुंपणाची मर्यादाही याच रचनेत आहे. एलडी_प्रीलोड सी लायब्ररीच्या पातळीवर काम करते. एखादा प्रोग्रॅम लायब्ररीला वळसा घालून थेट कर्नलला सिस्टिम कॉल करू लागला, तर लिबसँडबॉक्सला ते कळत नाही. स्टॅटिक पद्धतीने जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये चढवायला जागाच नसते. त्यांच्यासाठी पुढे प्रोसेसवर बाहेरून नजर ठेवणाऱ्या पीट्रेसचा आधार घेतला गेला. शिवाय वाचण्यावर नेहमीच्या मांडणीत बंदी नसते, सबंध फाइल यंत्रणा वाचता येते. थोडक्यात, हे कुंपण विसराळू प्रोग्रॅमरसाठी आहे, चोरासाठी नाही.

चोरासाठीची तजवीज नंतर आली आणि ती कर्नलच्या पातळीवरची आहे. पोर्टेज बांधणीचे बहुतेक टप्पे रूटच्या अधिकाराने न चालवता पोर्टेज याच नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालवतो. त्यामुळे वापरणाऱ्याच्या होम डिरेक्टरीतल्या एसएसएचच्या किल्ल्या, परवानग्या नीट असतील तर, बांधणीच्या हाती लागत नाहीत. नेटवर्क-सँडबॉक्स हा पर्याय लिनक्सच्या नेमस्पेसच्या आधारे बांधणीला असे एक नेटवर्क देतो, ज्यात स्वतःशीच बोलणाऱ्या लूपबॅकखेरीज काही नसते. पीआयडी आणि आयपीसी सँडबॉक्समुळे यंत्रावरच्या बाकीच्या प्रोसेस तिला दिसत नाहीत. नेटवर्क तोडणे शक्य होते याचे कारण कृतीच्या क्रमात आहे: सोर्स आधीच वेगळ्या टप्प्यात उतरवलेला असतो आणि मॅनिफेस्ट फाइलमधल्या ब्लेक२बी आणि एसएचए५१२ या हॅशशी तो ताडून पाहिलेला असतो. त्यानंतर बांधणीला बाहेर जाण्याचे वैध कारणच उरत नाही. थेट गिटमधून ताजा कोड आणणारी ‘लाइव्ह’ ईबिल्ड याला अपवाद, आणि म्हणूनच ती जपून वापरावीत.

इतर यंत्रणा याच निष्कर्षाला आपापल्या मार्गाने पोचल्या. ओपनबीएसडीच्या पोर्ट्समध्ये सोर्स उतरवणारा वापरकर्ता वेगळा आणि बांधणारा वेगळा ठेवता येतो; बांधणाऱ्या वापरकर्त्याला नेटवर्कवर जाऊ न देणारी ओळ फायरवॉलच्या मूळ सेटिंगमध्येच लिहिलेली असते. फ्रीबीएसडीवरचे पूद्रिएर हे साधन प्रत्येक पोर्ट स्वच्छ जेलमध्ये, म्हणजे बाकीच्या यंत्रणेपासून तोडलेल्या जागेत, बांधते. निक्सची गोष्ट सर्वांत रोचक आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठातल्या २००६ च्या प्रबंधात ती सविस्तर मांडली. निक्सच्या बांधणीला जाहीर केलेल्या घटकांखेरीज यंत्रावरचे काहीही दिसत नाही. ना यूएसआर डिरेक्टरी, ना नेटवर्क. जिच्या निकालाचा हॅश आधीच जाहीर केला आहे अशाच बांधणीला, म्हणजे मुख्यतः सोर्स उतरवण्याच्या कामाला, नेटवर्क मिळते. यामागे मूळ हेतू होता तो तीच बांधणी दुसऱ्या यंत्रावरही तशीच व्हावी हा. सुरक्षा हा त्याचा जोडलाभ, आणि तो मोठा निघाला.

बांधणीचे कुंपण कितीही उंच केले तरी एक गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेर राहते: बांधून बाहेर पडणारा प्रोग्रॅमच दूषित असणे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पातले गुप्त दार उघडकीला आणले, तेव्हा हे स्पष्ट झाले. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतो, एवढ्या धाग्यावरून ते तिथवर पोचले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे विश्वास कमावून प्रकल्पाची सहदेखरेख मिळवली होती. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या सोर्स संग्रहात एक एम४ फाइल होती, जी गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. कॉन्फिगर चालताना ती फाइल चाचण्यांसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या भासणाऱ्या संकुचित फाइलींमधून हल्ल्याचा कोड उलगडून बांधणीत मिसळत असे.

बांधणीच्या सँडबॉक्सच्या दृष्टीने यात काहीही गैर नव्हते. स्क्रिप्टने स्वतःच्याच सोर्स डिरेक्टरीतले वाचले, स्वतःच्याच बांधणीच्या डिरेक्टरीत लिहिले, नेटवर्क मागितले नाही. एकही नियम मोडला नाही. जेन्टूची यंत्रे त्या वेळी वाचली, पण कुंपणामुळे नव्हे: डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात आहे का, हे ती स्क्रिप्ट आधी पाहत असे आणि तसे नसेल तर गप्प बसत असे. हल्लेखोराचे लक्ष्य मोठ्या वितरकांचे बांधणी सर्व्हर होते.

त्याच प्रकरणातला दुसरा एक तपशील या विषयाच्या गाभ्याला भिडतो. एक्सझेड हा प्रोग्रॅम चालताना स्वतःला लँडलॉक या लिनक्सच्या सोयीने आवळून घेऊ शकतो. ती सोय यंत्रावर आहे का, हे बांधणीच्या वेळी एक लहानसा सी प्रोग्रॅम कंपाइल करून पाहिले जाते. झाला तर लँडलॉक चालू, नाही झाला तर मुकाट्याने बंद. त्याच ‘जिया टॅन’ने सीमेक या बांधणीच्या साधनासाठीच्या तपासणीत एक सुटे टिंब घालून ठेवले होते. टिंबामुळे तो सी प्रोग्रॅम कुठेच कंपाइल होत नसे आणि सँडबॉक्स नसलेली बायनरी तयार होई, तीही कुठली चूक न दाखवता. म्हणजे वापराच्या वेळचे कुंपण बांधणीच्या वेळी ठरते. सोर्स हाती असलेल्याला हा निर्णय स्वतः घेता येतो, आणि तसाच तो नकळत त्याच्या हातून निसटूही शकतो.

वापराच्या वेळच्या कुंपणाचा इतिहास १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधल्या सीएचरूटपासून सांगितला जातो. प्रोसेसला दिसणारे मूळ डिरेक्टरीचे टोक बदलणे एवढेच ते करते. रूट अधिकार असलेला प्रोग्रॅम त्यातून निसटतो. पाऊल-हेनिंग कांप यांचे जेल २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये आले आणि त्याने फाइलींबरोबर प्रोसेस आणि नेटवर्कही विभागले. लिनक्सवर ही कामे तुकड्यातुकड्यांनी झाली. सेककॉम्प २००५ मध्ये आले, पण सिस्टिम कॉल गाळण्याची लवचीक सोय त्याला २०१२ च्या ३.५ कर्नलमध्ये मिळाली. साध्या वापरकर्त्याला स्वतःची नेमस्पेस उभारता येऊ लागली ती २०१३ च्या ३.८ पासून. लँडलॉक २०२१ च्या ५.१३ मध्ये आले. ओपनबीएसडीने यापेक्षा फार साधा मार्ग घेतला: २०१६ मध्ये ५.९ आवृत्तीत प्लेज आणि २०१८ मध्ये ६.४ मध्ये अनव्हेल. प्लेजमध्ये प्रोग्रॅम कर्नलला आपण यापुढे काय काय करू ते सांगून टाकतो. शब्द मोडला की कर्नल त्याला तिथेच मारतो. अनव्हेलमध्ये कोणत्या फाइली दिसाव्यात ते सांगितले जाते आणि बाकीच्या नाहीशा होतात.

यांतली काही कुंपणे प्रोग्रॅमच्या बाहेरून घालता येतात, काही आतूनच घालावी लागतात. फायरजेल, बबलरॅप आणि बबलरॅपवर उभा असलेला फ्लॅटपॅक ही बाहेरची. प्रोग्रॅमला काही ठाऊक नसते. त्याला आधीच आवळलेल्या खोलीत सुरू केले जाते. प्लेज, फ्रीबीएसडीचे कॅप्सिकम, लँडलॉक आणि बहुतेक वेळा सेककॉम्प ही आतली. आतल्या कुंपणाची ताकद अशी की प्रोग्रॅमला स्वतःची अवस्था कळते. सुरुवातीला सेटिंगच्या फाइली वाचायच्या, पोर्ट उघडायचा, आणि मग ‘आता मला फाइली नकोत’ म्हणून दार लावून घ्यायचे, हे बाहेरच्या पहारेकऱ्याला जमत नाही. त्याला पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत लागणारे सगळे एकदम मोकळे ठेवावे लागते. पण आतले कुंपण घालायला सोर्समध्ये हात घालावा लागतो, आणि नेमके तेच सोर्सवरच्या व्यवस्थेचे रोजचे काम.

ओपनबीएसडीने हे सर्वांत पुढे नेले. तिच्या पोर्ट्समधल्या क्रोमियम आणि फायरफॉक्सला प्लेज व अनव्हेलचे पॅच लावलेले असतात. परिणामी ब्राउझरला होम डिरेक्टरीतली डाउनलोड्सची जागा आणि स्वतःच्या सेटिंगच्या मोजक्या जागा दिसतात. बाकीची कागदपत्रे त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. फोटो अपलोड करायचा तर आधी तो डाउनलोड्समध्ये आणून ठेवावा लागतो. पहिल्या आठवड्यात हे वैतागवाणे वाटते, पण परक्या संकेतस्थळांचा कोड दिवसभर चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून एवढी अपेक्षा वाजवी आहे. ओपनबीएसडी वापरणारे बहुतेक जण तयार बायनरीच घेतात. तरी हा निर्णय पोर्टच्या कृतीत, सोर्सच्या पातळीवर झालेला असतो.

जेन्टूमध्ये हेच काम यूज फ्लॅगकडे जाते. यूज फ्लॅग म्हणजे प्रोग्रॅममधली ऐच्छिक अंगे बांधताना ठेवायची की गाळायची हे सांगणारे खुणांचे शब्द. सेककॉम्प हा त्यांतला एक. तो लावला की ज्या पॅकेजांत तशी सोय आहे ती गाळणीसह बांधली जातात. फाइलकॅप्स या दुसऱ्या फ्लॅगने पूर्ण रूट अधिकाराच्या जागी नेमका हवा तो तुकडा देता येतो. याच्या उलट बाजूचा फायदा कमी बोलला जातो, पण तोच अधिक खात्रीचा आहे: नको असलेले अंग बांधलेच नाही तर त्याच्यावर हल्ला होण्याचा प्रश्नच मिटतो. ज्या मेल प्रोग्रॅममध्ये एचटीएमएल दाखवणारा भागच नाही, त्याला एचटीएमएलमधल्या चुकीपासून वाचवण्यासाठी सँडबॉक्स लागत नाही. एक्सझेडच्या हल्ल्याचा मार्गही असाच होता. काही वितरकांनी सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला कळवण्याच्या किरकोळ सोयीसाठी एसएसएचच्या सर्व्हरला पॅच लावला होता. त्या पॅचमुळे सिस्टिमडीची लायब्ररी आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी सर्व्हरच्या पोटात शिरली होती. तो पॅच नसलेल्या ठिकाणी हा रस्ताच नव्हता.

बाहेरचे कुंपण सोर्सवरच्या व्यवस्थेत घालताना अडचण येते ती सामायिक डिरेक्टरींची. जेन्टूवर सगळ्या पॅकेजांच्या फाइली यूएसआरमध्ये एकत्र नांदतात. एखाद्या पीडीएफ वाचकाला नेमक्या कोणत्या लायब्ररी, कोणते फाँट, कोणती प्लगइन लागतात हे फायरजेलचे प्रोफाइल लिहिणारा अंदाजाने ठरवतो, म्हणून तो सहसा सबंध यूएसआर वाचायला मोकळी ठेवतो. त्यात यूज फ्लॅगमुळे प्रत्येक यंत्रावरची बांधणी निराळी. एकाकडे चालणारे प्रोफाइल दुसऱ्याकडे अडते. फ्लॅटपॅकने ही कटकट संपवण्यासाठी यजमान यंत्रणेलाच बाजूला ठेवले आणि ठरावीक रनटाइम सोबत आणला. तो उपाय चालतो, पण मग लायब्ररींचा दुसरा संच आला, त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेळापत्रकाने आल्या, आणि जेन्टूवर रात्रभर कंपाइल करून मिळवलेले यूज फ्लॅगचे नियंत्रण त्या प्रोग्रॅमपुरते सुटले.

निक्स आणि लुडोव्हिक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला ग्नू प्रकल्पातला गीक्स इथे खरोखर पुढे आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक पॅकेज स्टोअरमध्ये स्वतःच्या हॅशच्या नावाने वेगळे राहते, आणि कोणते पॅकेज कोणाकोणावर अवलंबून आहे हे व्यवस्थेला नेमके ठाऊक असते. गीक्स शेलला कंटेनरचा पर्याय दिला की ते मागितलेले पॅकेज आणि त्याला लागणारी पॅकेजे तेवढीच आत दाखवते. यंत्रावरची बाकीची दोन हजार पॅकेजे तिथे नसतात. चालू डिरेक्टरी मिळते, नेटवर्क मिळत नाही. नेटवर्क किंवा आणखी एखादी डिरेक्टरी हवी तर ती मागून घ्यावी लागते. बांधणीसाठी जमवलेली माहिती वापराच्या वेळी कुंपणाची रेघ म्हणून कामी येते, ही या दोन कल्पनांच्या जोडणीतली सर्वांत समाधान देणारी बाजू आहे. एक्सहेर्बो या जेन्टूच्या वळणाच्या वितरणात हेच साधनाच्या बाजूने घडले: पॅकेज बांधताना पहारा देण्यासाठी लिहिलेला सिडबॉक्स पुढे रस्टमध्ये नव्याने लिहिला गेला आणि आता तो कोणताही प्रोग्रॅम आवळण्यासाठी वापरता येतो.

दोन्ही कुंपणे एकत्र आली की ती कधी कधी एकमेकांत अडकतात. फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या ‘फाइल’ या जुन्या आदेशात सेककॉम्पची गाळणी आहे. ठरावीक सिस्टिम कॉल सोडून दुसरा केला की कर्नल त्याला मारतो. आता कित्येक प्रकल्पांच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट हाच आदेश वापरतात. पोर्टेजच्या बांधणीत तो सुरू झाला की त्याच्यावर लिबसँडबॉक्स चढते, आणि ती स्वतःच्या तपासणीसाठी असे कॉल करते जे ‘फाइल’च्या यादीत नसतात. एका पहारेकऱ्याने दुसऱ्याला घुसखोर समजून मारावे, तसे होते. जेन्टूला यासाठी ‘फाइल’च्या ईबिल्डमध्ये यादी वाढवणारा पॅच ठेवावा लागला.

गाळणीच्या याद्या जुन्या पडण्याचा त्रास याहून व्यापक आहे. ऑगस्ट २०२१ च्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीने नवी प्रोसेस सुरू करायला क्लोन३ हा नवा सिस्टिम कॉल वापरायला सुरुवात केली. क्रोमियमच्या सँडबॉक्सला तो ठाऊक नव्हता आणि त्याने ‘परवानगी नाही’ असे उत्तर दिले. ‘असा कॉलच नाही’ असे उत्तर मिळाले असते तर जीलिबसी निमूट जुन्या मार्गाने गेली असती. परवानगी नाकारली म्हटल्यावर तिने हात टेकले आणि ब्राउझर कोलमडले. तयार वितरणांत लायब्ररी आणि ब्राउझर यांचा मेळ आधी घालून मग दोन्ही बाहेर पडतात. सोर्सवरच्या, सतत पुढे सरकणाऱ्या व्यवस्थेत हा मेळ वापरणाऱ्याच्या यंत्रावर, बऱ्याचदा अपुऱ्या झोपेत, घातला जातो.

कर्नलचेही तसेच. जेन्टूवर अनेक जण कर्नल स्वतः निवडून बांधतात. यूजर नेमस्पेस, सेककॉम्प किंवा लँडलॉक यांपैकी काही निवडायचे राहिले, तर बबलरॅप निदान तक्रार तरी करतो. लँडलॉक वापरणारे प्रोग्रॅम मात्र सहसा ‘असेल तर वापरू’ अशा धोरणाचे असतात आणि कुंपणाशिवाय तसेच चालू राहतात. म्हणून यूज फ्लॅग लावले एवढ्यावर विसंबू नये. चालत्या प्रोसेसच्या प्रॉक डिरेक्टरीतल्या स्टेटस फाइलमध्ये सेककॉम्पची ओळ असते. तिथे २ दिसला तर गाळणी लागू आहे, ० दिसला तर नाही.

एक उणीव अजून कोणी नीट भरून काढलेली नाही, ती म्हणजे कृती लिहिणारा स्वतः. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या एयूआर या कृतींच्या संग्रहात जुलै २०१८ मध्ये वाली न उरलेले ॲक्रोरीडचे पॅकेज कोणीतरी ताब्यात घेऊन त्यात बाहेरून स्क्रिप्ट उतरवून चालवणारी ओळ घातली. जुलै २०२५ मध्ये तिथेच ब्राउझरच्या नावाची तीन पॅकेजे सापडली, जी दुरून यंत्राचा ताबा देणारा प्रोग्रॅम बसवत होती. तिथे बांधणी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून होते, त्याच्या होम डिरेक्टरीसमोर, आणि वेगळी सोय केल्याशिवाय कुंपण नसते. पोर्टेजचे संरक्षण अधिक, पण तिथेही बसवून झाल्यावर चालणारा पोस्टइन्स्टचा टप्पा रूटच्या अधिकाराने आणि सँडबॉक्सच्या बाहेर चालतो. वापरकर्त्यांची खाती, फाँटची कॅश, मेनूची नोंद अशी कामे त्याला करायची असतात, म्हणून ही मोकळीक. अधिकृत संग्रहाबाहेरचे ओव्हरले जोडणारा माणूस त्या ओव्हरलेच्या लेखकाला रूटची किल्ली देत असतो. तीच कामे ठरावीक साच्यातून, लेखकाची स्क्रिप्ट न चालवता, करता यायला हवीत. निक्स आणि गीक्समध्ये पॅकेजला असा टप्पाच नाही, आणि हा त्यांचा गुण आवर्जून उचलण्यासारखा आहे.

जेन्टूवर आज ही जोडणी करायची झाली, तर बांधणीच्या बाजूचे सँडबॉक्स मूळ सेटिंगमध्ये चालू असतात. ते बंद करायचे नाहीत, एवढेच. एखादे ईबिल्ड अडते म्हणून पोर्टेजच्या सेटिंगमधल्या फीचर्सच्या ओळीतून सँडबॉक्स काढून टाकणे हा प्रचलित आणि वाईट सल्ला आहे. अपवाद लागलाच तर तो त्या एका पॅकेजपुरता पॅकेज.एन्व्ह फाइलमधून द्यावा. पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांना पोर्टेज वेगवेगळी खाती देतो, आणि जिथे सिस्टिमडी आहे तिथे त्या सेवेच्या युनिट फाइलमध्ये होम डिरेक्टरी झाकणे, स्वतंत्र टेंप देणे, सिस्टिम कॉल गाळणे ही सगळी कलमे चार ओळींत बसतात. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमसाठी बबलरॅपची छोटी स्क्रिप्ट यूएसआर-लोकल-बिनमध्ये त्या प्रोग्रॅमच्याच नावाने ठेवता येते. पाथमध्ये ती जागा आधी येते, शिवाय पोर्टेज तिला हात लावत नाही, त्यामुळे पॅकेज कितीदा नव्याने बांधले तरी कुंपण टिकते. मेनूतल्या ज्या नोंदींमध्ये पूर्ण मार्ग लिहिलेला असतो त्या मात्र हिला टाळून थेट मूळ प्रोग्रॅम सुरू करतात. त्या बदलाव्या लागतात. आणि खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ यंत्रणेवर कुठलेही कुंपण अर्धेच असते, कारण तिथे एक खिडकी दुसऱ्या खिडकीत टाइप झालेले वाचू शकते. तिच्यानंतरच्या वेलँडवर ही वाट बंद आहे.

२९ डिसेंबर २०२३ रोजी जेन्टूने तयार बायनरी पॅकेजेही मोठ्या प्रमाणावर देत असल्याचे जाहीर केले. यूज फ्लॅग जुळले तर बायनरी उतरते, नाही जुळले तर पोर्टेज पूर्वीसारखा कंपाइल करतो. ज्यांनी ती वाट घेतली त्यांच्या बांधणीचे कुंपण आता जेन्टूच्या सर्व्हरवर उभे आहे. वापराचे कुंपण त्यांनाच घालायचे आहे.